आमच्या गेटवरचा मामा

बाळांनो, आखातातल्या अल रय्यानच्या कंपाउंडमधलं ते घर तुम्हाला आठवणार नाही. मी तुमच्या बाबांकडे राहायला आले होते. जवळच वर्ल्डकपचं स्टेडियम उभं राहत होतं, त्यामुळे सकाळी पुसलेली खिडकी दुपारी पुन्हा धुळीने भरायची.

गेटवरचा गार्ड केनियाचा होता. तुमचा बॉल बाहेर गेला की तुम्ही हाक मारायचात, "मामा, बॉल!" त्याचे सोबती खदाखदा हसायचे. एक दिवस तो मला इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, मी दोन मुलांचा बाप आहे. ही मुलं मला आई का म्हणतात?" त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई!

मी सांगितलं, "आमच्यात आईच्या भावाला मामा म्हणतात. लग्नात तो नवरीच्या मागे उभा राहतो."

तो एकदम ताठ झाला. "आमच्याकडे मुलगा मोठा होताना मामाचा आशीर्वाद लागतो. म्हणू द्या त्यांना. इथे सगळे मला बॉयच म्हणतात."

शुक्रवारी तो नजमा वस्तीतल्या आपल्या खोलीवर आपल्या देशाच्या नव्या पोरांना जमवून इंग्रजी शिकवायचा. मान वर करून बोला, आपलं नाव सांगा, असं बजावायचा. गावी परतून असाच वर्ग काढायचा होता त्याला. हे कंत्राट तेवढं पुरं व्हायला हवं होतं.

आपल्याकडे गणपतीच्या आरतीला येणारे एक काका होते. एका संध्याकाळी त्यांनी गाडीतून हॉर्न मारला. "ए कालू, गेट!"

तो काचेजवळ गेला. "सर, मला नाव आहे. इथे लिहिलंय." त्याने छातीवरच्या पट्टीवर बोट ठेवलं. काकांनी ऑफिसात तक्रार केली, गार्ड उर्मट आहे.

मी त्यांच्या घरी गेले.

"अहो काकू, लाडाने म्हणतो मी! काळ्याला काळं म्हटलं तर काय बिघडलं?"

"तुमच्या साहेबाने तुम्हाला म्हटलं तर चालेल?"

"बाई, रिटायर झालात तरी तुमची शाळा अजून सुटलेली दिसत नाही," म्हणून ते हसले आणि त्यांनी चहा टाकायला सांगितला.

कंपाउंडच्या ऑफिसातही मी गेले. नीट, मुद्देसूद इंग्रजीत बोलले. मॅनेजर अदबीने उठून उभा राहिला. "इन्शाल्ला, मॅडम." तुमचे बाबा म्हणाले, "आई, खलास, आता पुरे. आपण इथे व्हिसावर आहोत."

दोन दिवसांनी गार्डला न्यायला त्याच्या कंपनीची व्हॅन आली. कुठे नेणार, ते त्यालाही सांगितलं नव्हतं. तुम्ही धावलात, "मामा! मामा!" व्हॅनमधली माणसं हसू लागली. तो त्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, तशी ती गप्प झाली. मग मला म्हणाला, "त्यांना सांगितलं, या बाईंच्या भाषेत हा पुरुषाचा शब्द आहे."

व्हॅन गेली. त्याच्या शुक्रवारच्या पोरांचं काय झालं, मला कळलं नाही. कोणाला विचारणार होते?

दुसऱ्या दिवशी गेटवर नवा गार्ड होता, त्याच देशाचा. तुमचा बॉल गेला आणि तुम्ही हाक मारलीत, "मामा, बॉल!" त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. अर्थ सांगायला मी पायरीपर्यंत गेले. तेवढ्यात काकांच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि तो गेट उघडायला पळाला.