खांद्याच्या उंचीवरचा प्लग

दुसऱ्या दिवशी बायको चार महिन्यांच्या मुलीला घेऊन पहिल्यांदाच भिवंडीला येणार होती. सातवीत शाळा सोडून इथल्या कापडाच्या लूमवर आलेला मी, आनंदानं एका जागी थांबत नव्हतो. पंख्यासाठी खोलीत नवा प्लग हवा होता.

म्हातारा वायरमन दातांनी वायर सोलायचा आणि टेस्टर पेटला की दर वेळी नव्यानं हसायचा. मी जमिनीलगत केलेली खूण त्यानं तळव्यानं पुसली आणि खांद्याएवढी वर केली.

"चाचा, पंखा तर खाली ठेवायचाय."

"पोरगी रांगायला लागली का बोटं घालंल."

"दोनच महिने राहणार हायत. नंतर गावी धाडीन. माझ्या एकट्याच्या पगारात झेपंल का?"

"येडा हायस. प्लग काय दोन महिन्यांसाठी लावतात?"

दुसऱ्या दिवशी स्टँडवर बायकोच्या हातातली पिशवी घेता घेताच मी म्हणालो, "आता इथंच राहायचं."