मेणातला तांदळाएवढा तुकडा

आमच्या सूनबाईला घरात सगळे मेणवाली म्हणतात. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा आणि यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, हे तिचं काम. श्वाससुद्धा जपून सोडायचा, नाहीतर काप उडतो. घरी मात्र भाजी चिरते ती ओबडधोबड. बोललं तर म्हणते, "आई, इथे तरी हात सैल सोडू द्या."

मग ह्यांच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. सुईनं काढलेला तुकडा तांदळाएवढा, आला हिच्याच लॅबमध्ये. डबीवर नाव नसतं, नंबर असतो, आणि तो हिला पाठ होता.

पेशींना आवर घालणारं एक प्रथिन असतं म्हणे, आमच्या घरात मी आहे तसं. गाठीत ते शाबूत असलं तर माणूस बहुधा जास्त तग धरतो. असलं की रंग लावल्यावर तपकिरी दिसतं.

पहिला काप कोरा निघाला. नवख्या डॉक्टरनं 'प्रथिन नाही' लिहायलाच घेतलं होतं. ही म्हणाली, "थांबा. शेजारच्या निरोगी पेशीही कोऱ्याच आहेत. त्या तरी तपकिरी व्हायला हव्यात. रंगच चढलेला नाही."

म्हणजे पुन्हा काप. मेणात उरलं होतं जेमतेम दोन कापांपुरतं. वाया गेलं तर परत छातीत सुई, आणि ह्यांनी बजावलं होतं, "आता सुई दिसली तर पळून जाईन." पळणार कुठे, जिना चढताना दम लागतो!

तिनं नवं पातं लावलं, मेण बर्फावर गार केलं. एक काप फाटला. दुसरा कोमट पाण्यावर नीट पसरला. या वेळी निरोगी पेशी तपकिरी झाल्या. गाठीतल्या कोऱ्याच राहिल्या.

संध्याकाळी ती ह्यांच्यासमोर बसली. मी मागून खुणेनं 'राहू दे' म्हटलं. तिनं बघून न बघितल्यासारखं केलं.

"बाबा, प्रथिन नाही."

"पहिल्यांदाही नाहीच होतं की. मग एवढी उठाठेव कशाला केलीस?"

"तेव्हाचं खरं नव्हतं. आताचं खरं आहे. पण हा अंदाज पुष्कळ लोकांवरून काढतात. एकट्या माणसाचं त्यावरून ठरत नाही."

ह्यांनी भिंतीकडे बघितलं. हे सुतार. नातीच्या टेबलाच्या फळ्या 'बरा झालो की करतो' म्हणून महिनाभर भिंतीला टेकून होत्या.

"उद्या सकाळी त्या फळ्या काढ," हे म्हणाले. "आणि तूच धर. तुझा हात हलत नाही."

चार दिवसांत टेबल झालं. एक पाय किंचित आखूड आहे. त्याचा ठपका अजून सुनेवरच आहे.