कॅलेंडरवर न मांडलेला खर्रा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही माजरीला, कोळसा खाणीच्या वसाहतीत राहत होतो. नवरा खाणीत, मी घरी. स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर होतं. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, कोणाला कधी ताप आला, सगळं मी त्यावर लिहायची. त्या वर्षी आणखी एक आकडा आला: ह्यांच्या बिड्या.

खोकला वाढला होता. क्वार्टरचा जिना चढताना हे दोनदा थांबायचे. बिडी सोडवायचीच, असं मी ठरवलं. रोज संध्याकाळी विचारायची, "आज किती?"

"शाळेची हजेरी घेऊन राह्यली का तू?" म्हणायचे, पण आकडा खरा सांगायचे.

खाणीत उतरताना गेटवर झडती होते. बिडी-काडेपेटी खाली नेता येत नाही. एक ठिणगी सगळ्यांच्या जिवावर बेतते. म्हणून खाली जाणारे बरेचजण गालात खर्रा धरत. सुपारी, तंबाखू, चुना, पानठेल्यावर घोटून प्लास्टिकच्या तुकड्यात बांधलेला. मला वाटलं, खर्ऱ्याच्या जोरावर पूर्ण पाळी बिडीवाचून निघते, तर घरीही निघेल. धूर तर नाही त्यात. मग मीच डब्याच्या पिशवीत दोन पुड्या ठेवू लागले, एक पाळीसाठी, एक घरी आल्यावर. आकडा उतरला. वीस, बारा, आठ. आठाखाली मात्र जाईना. पुड्या चार झाल्या. त्या मी कुठेच लिहिल्या नाहीत.

वांग्याची भाजी ह्यांच्या तोंडाला झोंबू लागली, तेव्हा मी तिखट कमी केलं. घास लहान झाला, तेव्हा भात मऊ शिजवला. जांभई अर्ध्यात अडकू लागली, तेव्हा कुठे त्यांना चंद्रपूरला नेलं.

"तीन बोटं उभी घाला तोंडात. चांगल्या तोंडात तीन जातात," डॉक्टर म्हणाले. दोनच गेली, तीही रेटून.

"बिडी का खर्रा?"

"दोन्ही," हे म्हणाले.

"पण बिड्या कमी झाल्या ना!" मी कॅलेंडरची पानं पिशवीतून काढली.

डॉक्टरांनी ती पाहिली. "बाई, तुम्ही अर्धंच मोजलं. बिडीनं छाती बिघडली, खर्ऱ्यानं गाल आवळले. कॅन्सरची भीती दोन्हींनी वाढते. तोंड पहिल्यासारखं उघडेल, असं मी सांगणार नाही. दोन्ही सुटलं, तर इथं थांबेल कदाचित."

परतीच्या बसमध्ये हे हळूच म्हणाले, "पुडी तर तूच देत होती." आवाजात राग नव्हता. मला बसवेना. जागा रिकामी असून भद्रावतीपर्यंत दांडा धरून उभी राहिले.

कॅलेंडरवर आता तीन आकडे: बिडी, खर्रा, बोटं. पहिले दोन काही दिवस शून्य असत, मग अचानक नसत. मी कपडे भिजवण्याआधी खिसे बघायची, भिजवल्यावर पुन्हा बघायची.

एका सकाळी हे आरशासमोरून ओरडले, "अडीच! लिही लवकर!"

मी धावत गेले. तिसरं बोट तिरपं होतं.

"सरळ घाला."

सरळ घातली. दोन.

"लिही ना अडीच. तुलेच बरं वाटंल."

मी दोन लिहिलं, आणि खुंटीवरच्या त्यांच्या शर्टाच्या खिशात हात घातला.