केळीच्या चिकाचा डाग

आज वर्गाच्या प्रयोगवह्या तपासताना पंचवीस वह्यांत एकमेकींवरून उतरवलेलं तेच ते चित्र निघालं. घरी येऊन मी माझी शाळेतली वही काढली. केळीच्या चिकाचा तपकिरी डाग अजून तसाच आहे.

प्रकाशा गावच्या शाळेत शिकताना मीही केळीच्या खोडाचं चित्र मैत्रिणीच्या वहीतून उतरवलं होतं, आत लाकडासारखी वर्तुळं असलेलं. विज्ञानाचे सर रागावले नाहीत. म्हणाले, "सुनंदा, तुन्हा वावरमा केळी शे ना? मंग देखीसन काढ."

आमच्या शेतातलं घड उतरवलेलं खोड बाबांनी कापून दिलं. आत लाकूड नव्हतंच. पानांचीच सोपटं एकात एक गुंडाळलेली होती. माझं चित्र वाकडं आलं, त्यावर चीकही सांडला.

सरांनी ते निरखून आपल्या वहीत उतरवलं. मनात आलं, सरसुद्धा उतरवतातच की. मग त्यांनी खाली लिहिलं, 'सुनंदाच्या वहीवरून.'