फोकाचा म्हणजे कोणाचा?

भिलाईत लोखंडाला घाम फोडणारी माणसं घरोघर सापडतील. पण मूठभर कणकेपुढे ज्याला दरदरून घाम फुटतो असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नात्याने माझा साडू लागतो. सारी नोकरी त्यांनी प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये, लालबुंद लोखंड चपटं करण्यात काढली. निवृत्तीनंतर दुर्गला पद्मनाभपुरात घर बांधून राहायला आले, पण मिल काही त्यांच्या अंगातून निघाली नाही. सेफ्टी शूज हा त्यांच्या मते माणसाच्या पायाचाच भाग आहे. लग्नालाही तेच घालून येतात. माझ्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेतात असताना हे मांडवाचा एक खांब हलवून बघत होते. खांब जरासा हलला. झालं. त्या बाजूची सगळी पाहुणेमंडळी उठवून दुसरीकडे बसवल्याशिवाय त्यांनी भटजींना तोंड उघडू दिलं नाही. मुहूर्त टळतो आहे असं कोणीतरी दबक्या आवाजात सुचवलं, तर म्हणाले, "मुहूर्त उद्या बी भेटन. डोकं नाई भेटत." घरी पाण्याची मोटर सुरू करण्याआधी ते मोठ्याने "क्लिअर?" असं विचारतात, आणि ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, आतून "क्लिअर" म्हटल्याशिवाय बटण दाबत नाहीत. एकदा ताई भाजीला गेल्या होत्या, तर त्या परत येईपर्यंत हे कोरडी टाकी घेऊन बसून राहिले.

स्वयंपाकघर मात्र त्यांच्या अखत्यारीत कधीच नव्हतं. चहाची साखर कुठल्या डब्यात असते हे त्यांना साठीनंतरही ठाऊक नव्हतं. तशी गरजही पडली नव्हती. ताईंच्या हातची लांब पोळी ज्याने खाल्ली आहे त्याला ते पटेल. उलट्या मटक्यावर, तळहाता-कोपरावर झुलवत झुलवत टाकलेली ती पोळी इतकी पातळ असायची की आमच्या नातेवाइकांत मुलगी बघायला आलेले लोकही आधी ताई स्वयंपाकाला आहेत का हे विचारून घ्यायचे. त्या ताई एका सकाळी कपडे वाळत घालताना अंगणातल्या ओल्या फरशीवरून घसरल्या आणि उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं. प्लास्टर चढलं, आणि साडूंनी स्वयंपाकघराचा चार्ज घेतला.

पोळ्यांना बाई लावा, असं आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. माझ्या बायकोने तर मोहन नगरच्या आमच्या घरून रोज डबा पाठवायची तयारी दाखवली. साडू डबा घ्यायचे, पण "हा इमर्जन्सी सप्लाय समजा, साडभाऊ. प्रॉडक्शन आमचं आमी करून राहिलो," असं मला दारातच ऐकवायचे. त्यांचं प्रॉडक्शन मी पाहिलं आहे. कणीक कधी कढीसारखी वाहायची, कधी तिचा धोंडा व्हायचा. पोळी म्हणून जे ताटात यायचं त्याला ते स्वतःच 'गॅस्केट', म्हणजे पाइपांच्या जोडात बसवायची जाड चकती, म्हणायचे. पातेल्यात डाळ-तांदूळ एकत्र चढवून त्यांनी कसेबसे दिवस काढले. ताई डाव्या हाताने चमचा धरून निमूटपणे जेवायच्या. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तर शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं बोलणारी ही बाई काहीच बोलत नाही, हेच साडूंना खटकत होतं. एकदा मला फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "शिव्या देत असती तर बरं होतं."

प्लास्टर निघालं, पण बोटं मिटेनात. सुजून आखडून गेली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता रोज हालचाल केली नाही तर ती तशीच राहतील. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने दाबायला एक मऊ चेंडू दिला. ताईंनी तो एकदा दाबला, दुखलं, आणि सोफ्याखाली लोटून दिला. साडूंनी तो काठीने काढून पुन्हा हातात दिला. "मी काय लहान लेकरू आहो, चेंडू खेळाले?" एवढं बोलून ताईंनी तो पुन्हा लोटला. असं बरेच दिवस चाललं. ताई दुपारभर बंद टीव्हीसमोर बसायच्या, उजवा हात पदराखाली झाकून. कोणी आलं तरी तो बाहेर काढायच्या नाहीत. मी नमस्कार केला तर नुसती मान हलवायच्या.

अशात बंगळूरहून त्यांच्या मुलीचा फोन आला. बापाच्या गॅस्केटची कीर्ती तिच्यापर्यंत पोचलीच होती. ती म्हणाली, "पापा, पोळी छोडो. फोकाचा करा. इटलीचा पाव असतो. बेकरीतून तयार पीठ आणायचं, ना मळना, ना बेलना. ट्रेमध्ये पसरवा, बोटांनी खड्डे पाडा, तेल टाका, ओव्हनमध्ये ठेवा. बस." साडूंनी फोन ठेवला आणि ताईंना सांगितलं, "पोरगी फोकाचा करा म्हणते."

"फोकाचा म्हणजे कोणाचा?" ताईंनी विचारलं.

"कोणाचा नाई. नुसता फोकाचा."

"पण फोकाचा काय?"

ताईंनी मग त्याचं 'फुकाचा' करून टाकलं आणि आमच्या घरी आजही तेच नाव चालतं.

दुसऱ्या दिवशी साडू स्कूटर घेऊन बेकरीत गेले आणि पावाचं पीठ मागितलं. बेकरीवाला म्हणाला, "साहब, पाव तैयार है, आटा क्यों ले जा रहे हो?" साडूंनी त्याला जे कारण सांगितलं ते ऐकून त्याने गोळा बांधून दिला, पण ते कारण काय होतं हे दोघांपैकी कोणीही आजवर सांगितलेलं नाही. उन्हाळ्याचे दिवस. साडूंनी डबा स्कूटरच्या डिकीत ठेवला आणि वाटेत एका जुन्या सहकाऱ्याशी बोलत उभे राहिले. घरी येऊन डिकी उघडली तर पिठाने झाकण उडवून गाडीच्या कागदपत्रांना, पान्यांना आणि रेनकोटला मिठी मारली होती. त्यातलं मधलं, स्वच्छ पीठ काढून त्यांनी तो पहिला फोकाचा भाजला. जितकी आच जास्त तितका माल चांगला, हा मिलमधला हिशेब लावून ओव्हन शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवला. वरून कोळसा झाला आणि आत कणीक तशीच राहिली. मला खायला बोलावलं होतं. मी खाल्ला. ताईंनी बशी परत सरकवली.

पण साडू हटणाऱ्यातले नव्हते. पुढच्या वेळी पीठ ओल्या फडक्यात गुंडाळून थेट घरी आणलं, ट्रेला तेल माखून त्यात सैल सोडलं आणि फुगू दिलं. मी त्या दिवशी डबा द्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं. खड्डे पाडायची वेळ आली. साडूंनी हातात जाड चामडी मोजे चढवले आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पिठात भोकं पाडायला सुरुवात केली. ताई पाणी प्यायला आत आल्या आणि दारातच थबकल्या.

"असे भोसकून काऊन राहिले जी? ते पीठ आहे, भिंत नाई."

"मग कसं करू?"

ताईंनी डाव्या हाताने दोन-तीन खड्डे पाडून दाखवले. साडू वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "मले उलटं समजत नाई. उजव्या हातानं दाखव."

मला वाटलं, आता ट्रे सोफ्याखाली जाणार. पण पदराखालून तो हात बाहेर आला. इतक्या दिवसांत मी तो पहिल्यांदा पाहत होतो. बोटं काठ्यांसारखी ताठ होती. त्यांनी ती पिठावर टेकवली आणि दाबली. पीठ कोमट होतं, तेलाने बुळबुळीत होतं, त्याने वाट दिली. ताईंच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण हात काढला नाही. एक रांग झाली. "अस्सं," त्या म्हणाल्या. साडू म्हणाले, "अजून एक दाखव. ध्यानात नाई आलं." असं करत पूर्ण ट्रे झाला. मग त्यावर कांदा, टमाटर आणि मीठ पडलं, आणि ओव्हनचा आकडा या वेळी ताईंनी लावला. तो फोकाचा खरोखर चांगला झाला होता. वरून खरपूस, आतून जाळीदार. ताईंनी दुसरा तुकडा मागून घेतला.

त्यानंतर पद्मनाभपुरातल्या त्या घरात एक दिवसाआड फोकाचा होऊ लागला, आणि दर वेळी खड्डे कसे पाडायचे हे साडू नेमकं विसरू लागले. शेजारीपाजारी खाऊन दमले. आमच्या घरी एवढे तुकडे यायचे की माझी बायको शिळ्याचा कुस्करा करून फोडणी द्यायची. पुढे एकदा मी साडूंना एकटं गाठून विचारलं, हे तुम्ही मुद्दाम केलं ना? ते गंभीरपणे म्हणाले, "नाई जी, साडभाऊ. मले खरंच उलटं समजत नव्हतं." मिलमध्ये आरशात पाहून क्रेनला इशारे देणारा हा माणूस.

पावसाळा सरता सरता एका सकाळी ते बेकरीतून गोळा घेऊन आले तर ताई ओट्याशी उभ्या राहून कणीक मळत होत्या. कोणालाच न सांगता सुरू केलं होतं. साडू फडक्यातला गोळा दोन्ही हातांत धरून दारात उभे राहिले. त्यांनी विचारलं, "मग याचं काय करू?"

"ठेवा तिकडं," ताई मागे न पाहता म्हणाल्या. "संध्याकाळी करू."

आता फोकाचा फक्त रविवारी होतो. बाकीचे दिवस साडूंना पुन्हा साखरेचा डबा सापडत नाही. ताईंची बोटं बरीच सुटली, पण करंगळी काही पुरती वाकत नाही. लांब पोळी त्या टाकतात. मात्र पहिल्यासारखी ती कोपरापर्यंत उतरत नाही, आणि तसं कोणी म्हणतही नाही. परवा मी आणि बायको त्यांच्याकडे गेलो होतो. ट्रेमध्ये एका कडेला ताईंच्या खड्ड्यांची करंगळीकडची रांग उथळ होती, नुसती खूण उमटल्यासारखी. साडू सुरी घेऊन तुकडे करत होते. कांदा भरपूर असलेले तुकडे त्यांनी आम्हाला वाढले. मी सहज त्या कडेच्या तुकड्याकडे हात नेला, तर त्यांनी ट्रे हळूच आपल्याकडे ओढला.

"तो राहू द्या, साडभाऊ," ते म्हणाले. "तिकडं तेल नाई मुरत. तुमाले आवडणार नाई." आणि तो तुकडा स्वतःच्या बशीत घेऊन, खाली मान घालून, सावकाश खात बसले.