कानामागची गोचीड

मंडळी, आज दुपारी काजूच्या बागेतून घरी आलो आणि आरशासमोर उभा राहून अडकलो.

आमच्या पेडण्यात काजू गोळा करून आलं, की कुठे गोचीड चिकटलीय का ते अंगभर बघावंच लागतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, पँट मोज्यात खोचली होती. आल्याआल्या कपडे कढत पाण्यात टाकले, आंघोळ केली. पण मानेच्या मागे कसं बघणार? ते काम माझ्या बायकोचं. तिला जाऊन आठ महिने झाले.

शेवटी पुण्याला मुलीला व्हिडिओ कॉल लावला, फोन टेकवून ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून बसलो.

"पप्पा, मान वळव. कानापाठी काळा काय ता?"

गोचीडच होती. "चिमट्यान धर, सरळ ओढ, चिरडू नको," ती सांगत गेली, तशी मी काढली. जागा साबणाने धुतली.

"झाला. ठेव आता फोन," मी म्हटलं.

ती ठेवेना. "पप्पा, पाठसून तुझे केस सगळे पांढरे झाले. कधी झाले?"

मला तरी कुठे ठाऊक होतं! मी तसाच पाठमोरा बसून राहिलो. म्हटलं, बघू दे तिला अजून थोडा वेळ.

तुमच्या मानेमागे कोण बघतं हो?