एका गठ्ठ्यातली साडी

माह्या पोरीची सोयरीक मोडली ती एका साडीपायी. आन हे मले वर्षभर माहीत नव्हतं. वर्षभर मी देवाले बोलली, अकोल्याच्या त्या लोकायले बोलली, नवऱ्याले बोलली. पोरगी कोणाले बोलली नाही. ती नुसती आरशात पाहत राहिली.

मी अमरावतीत राजापेठेत पोरींच्या मेसमध्ये पोळ्या करते. बाहेरगावच्या पोरी क्लाससाठी येऊन राहतात, त्यायच्या पोळ्या. नवऱ्याचा ऑटो होता. लकवा मारला तवापासून त्याचा उजवा हात गेला आन बोलणंही असं झालं का मलेच समजते. पोरगी एकच. बीए झालेली, एका क्लासच्या ऑफिसात फोन उचलाले बसायची. रंगानं सावळी, दात जरासे पुढं, पण हसली का घर उजळायचं. मायच सांगून राहिली म्हणून सोडून देऊ नका, गल्लीतल्या कोणालेही विचारा.

आमच्यासारख्या घरायसाठी गावात एक मंडळ आहे. चांगल्या घरच्या बाया चालवतात. वर्षातून एकदा थंडीत बस करतात, कुठी तरी फिराले नेतात, जेवू घालतात, आन येताना दर बाईले एक साडी देतात. मी त्यायले नावं ठेवत नाही. म्हणजे ठेवते, पण खाल्ल्या घरचे वासे मोजू नये म्हणून मनातल्या मनात ठेवते.

त्यायची एक रीत आहे. साड्या सगळ्या सारख्या. रंग एक, काठ एक, पदर एक. पहिले वेगवेगळ्या देत, तं बसमध्येच भांडणं लागायची. हिले निळी, मंग मले काहून कत्थी? हिचा पदर भरलेला, माहा काहून रिकामा? एकदा दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या म्हणतात. तवापासून मंडळाच्या मोठ्या ताईनं ठरवलं, एकाच गठ्ठ्यातल्या आणायच्या, वाद नको. शहाणपणाचंच काम केलं तिनं. तिच्या जागी मी असती तं मीही हेच केलं असतं.

त्या वर्षी सेमाडोहच्या जंगलात नेलं. पोरगी आली नाही, म्हणे, "सुट्टी नाही भेटत." खरं म्हणजे तिले लाज वाटायची. मी गेली. लग्न झाल्यापासून मी परतवाड्याच्या पुढं गेली नव्हती. घाटात अर्ध्या बायायनं उलट्या केल्या आन उरलेल्यायनं गाणी म्हटली. जंगलात चितळ दिसले, मोर दिसला, नदीचं पाणी असं गार का पाय घातले तं मेंदूपर्यंत कळ गेली. वाघ काही दिसला नाही. जिप्सीतले टोपीवाले लोक मात्र आमच्या बसकडं टकामका पाहून राहिले होते. माह्या बाजूची म्हातारी खिडकीतून ओरडली, "वाघ नाही दिसला तं आमालेच पाहून घ्या बाप्पा!" सगळी बस हसली. खोटं कायले बोलू, त्या दिवशी मी पोटभर हसली.

जेवणं झाल्यावर साड्या दिल्या. "छातीशी धरा, इकडं पाहा, हसा," असे फोटो झाले. मोरपंखी रंग, पिवळ्या जरीचा काठ. मी बोटानं पोत पाहिला आन थक्क झाली. दुकानात घेतली असती तं दोनदा विचार करावा लागला असता, अशी. फुकटच्या साडीत हात आरपार दिसते, हे मले ठाऊक, पण ही तशी नव्हती. हेच तं दुखणं आहे सारं. ती साडी पोतेरं असती, तं माही पोरगी आज अकोल्यात असती.

मी नेसली नाही ती. मंडळाचा कागद काढला, साडी तशीच पेटीत ठेवली. पोरीच्या कार्यात कामी येईन म्हटलं.

आन कार्य निघालंच. अकोल्याचं स्थळ आलं. पोरगा मोबाईलच्या दुकानात रिपेअरिंग करणारा, बाप वारलेला, मायलेक दोघंच. माय म्हणे, "आमचं शिवणाचं दुकान आहे, फॉल-पिकोही करतो." मी म्हटलं, "माही मेस आहे." नवऱ्याच्या ऑटोले मी ऑटोचा धंदा केलं. सोयरिकीत सगळेच बोटभर वाढवून सांगतात, त्याले कोणी खोटं म्हणत नाही. त्या बाईनं पोरीले जवळ बसवलं, हात हातात घेतला, दातायकडं पाहिलंही नाही. पोरगा तं असा लाजला का चहा बशीत सांडला. तवापासून दोघायचे फोन सुरू झाले. पोरगी गच्चीवर जाऊन बोलायची, आन खाली मले तिचं हसणं ऐकू यायचं. मी नवऱ्याले म्हणायची, "ऐकून राह्यले का?" तो डाव्या हातानं मांडी थोपटायचा. हे एक कार्य नीट पार पडावं, याच्या पुढं मी देवाजवळ काही मागितलं नव्हतं.

साक्षगंध, तुमी साखरपुडा म्हणता ते, आमच्याच घरी केलं. आमच्याकडं साक्षगंधात विहिणीले साडी देतात, आन बाकीच्या बाया ती उलगडून पाहतातच, "पाहू व, कशी आहे?" हा हक्कच असते त्यायचा. घरात बाकी होतं ते पोराच्या कपड्यात आन जेवणात गेलं होतं. मी पेटी उघडली. पोरगीच म्हणे, "आई, ही मोरपंखी दे नं, किती छान आहे." आलेली साडी पुढं देणं म्हणजे काही पाप नाही. आख्खा वऱ्हाड हेच करते. लग्नातली साडी बारशात जाते, बारशातली गृहप्रवेशात. कधीकधी फिरून आपल्याच घरी येते, तवा आपण हसतो आन पुन्हा पेटीत ठेवतो.

मी विहीणबाईले हळद-कुंकू लावलं, साडी पदरात घातली. बायायनं उलगडली. "अगं माय, काय रंग आहे!" असं चालू झालं. विहीणबाई त्या साडीकडं पाहत राहिली. मंग माह्याकडं पाहिलं. मी हसली. ती म्हणे, "छान आहे." तिनंच घडी केली, पिशवीत टाकली. जेवाले बसली तं दोन घास खाऊन उठली. मले वाटलं, नवऱ्याची आठवण आली असन बिचारीले. अशा वेळी येतेच.

आठ-दहा दिवसायनं तिचा फोन आला. "पत्रिका जुळून नाही राहिली." मी म्हटलं, "अवो पण तुमीच म्हणल्या होत्या का पत्रिका पाहत नाही!" ती म्हणे, "आता पाहिली." आन ठेवला. मी पुन्हा लावला, लावतच राहिली, तिनं उचलला नाही. पोरीनं पोराले लावला. तो म्हणे, "आई नाही म्हणते, कारण सांगत नाही, मी काय करू तूच सांग." काय करू म्हणे! बाईसारखा रडला म्हणे फोनवर. रडून काय होते? दुसऱ्या दिवशी पोरीनं त्याचा नंबर काढून टाकला.

गल्लीत, मेसमध्ये, सगळीकडं एकच सवाल. काहून मोडलं? मी काय सांगू? मले माहीत असतं तं भांडली असती, पाय धरले असते. पोरीनं मात्र स्वतःच उत्तर काढलं. म्हणे, "आई, साक्षगंधाच्या फोटोत दात दिसत होते माहे. कोणीतरी बोललं असन तिले." मी म्हटलं, "वेडी झाली का? तिनं तुले जवळून पाहिलं होतं." पण एकदा डोक्यात बसलं ते बसलं. हात तोंडावर धरून बोलाले लागली. फोन उचलतानाही तोंडावर हात. समोरच्याले काय दिसते का फोनवर? मी ओरडली, समजावलं, जवळ घेतलं. काही उपयोग झाला नाही. गच्चीवर जाणं तं बंदच झालं.

उन्हाळ्यात दर्यापूरकडच्या खेड्यातलं एक स्थळ आलं. बिजवर. बायको गेलेली, दोन लेकरं, वयानं बराच मोठा. मी दारातूनच नाही म्हणणार होती. पोरगी आतून आली आन "चालते" म्हणाली. मी तिले आत ओढली. "काहून व? काय कमी आहे तुह्यात?" ती म्हणे, "ते तूच मले सांग नं आई. काही कमी नव्हतं तं मंग ते काहून गेले?" बाप खाटेवर काहीतरी बोलाले गेला, मले समजलं, पण मी तिले सांगितलं नाही. तो म्हणत होता, नको देऊ. देवळात लग्न लागलं. मंडळाच्या ताईनं स्टीलची भांडी पाठवली. चांगली होती तीही.

मंग पुन्हा थंडी आली. मी जाणार नव्हती, पण घर खायला उठत होतं. बस पुन्हा सेमाडोहलेच निघाली. यावेळी ताई म्हणाल्या, अकोल्याच्या बायाही येऊन राहिल्या, मंडळ तिकडंही काम करते, दोन्हीकडच्यायची ओळख होईन. मी काही ध्यान दिलं नाही. जेवणाच्या रांगेत पत्रावळ घेऊन उभी होती, आन माह्या पुढं उभ्या असलेल्या बाईनं मागं वळून पाहिलं.

विहीणबाई होती. तीच मोरपंखी साडी नेसून.

मले आधी काही समजलंच नाही. मले वाटलं, ही इथी मंडळाची बाई म्हणून आली, साड्या वाटाले आली. मंग मी तिच्या हातातली पत्रावळ पाहिली. आमच्या दोघींच्या मागं रांग खोळंबली, कोणीतरी ओरडलं, "चला नं व माय!" आमी बाजूले झालो.

तीच बोलली. खाली पाहून बोलली. "दुकान-गिकान काही नाही माहं. एक मशीन आहे, तीही कधी चालते कधी नाही. मंडळानं मले बी हीच दिली होती, तुमच्याच वर्षी. पोराले म्या शेजारणीनं दिली म्हणून सांगितलं होतं."

मी म्हटलं, "मंग? म्हणून माह्या पोरीले सोडलं? तुमचं गरिबाचं, आमचंही गरिबाचं, झालं काय त्यात?"

ती म्हणे, "मले वाटलं तुमाले मंडळातून माहं सगळं समजलं आहे. मुद्दाम दिली. चार बायांत पदरात टाकून मले दाखवून राहिल्या का, तू बी भिकेवरची, दुकानाच्या गोष्टी नको सांगू. तुमी हसल्याही. मी रातभर झोपली नाही. जी माय पहिल्याच दिवशी असा टोमणा मारते, तिच्याशी जन्मभर कसं निभवाचं?"

देवाची शप्पथ सांगते, तिच्या झिंज्या धरून तिले नदीत ढकलावं असं वाटलं. अवो बाई, एक शब्द विचारला असता! एक शब्द! "कुठून घेतली व साडी?" इतकं जरी म्हणली असती, तं मी खोटं बोलली असती, ती खोटं बोलली असती, आन दोघीयनं एकमेकींचं खोटं ओळखून लग्न लावलं असतं. पण तिनं विचारलं नाही. मीही तिच्या दारात जाऊन उभी राहिली नाही. लाज म्हणतात ती फक्त आमच्यासारख्यायलेच पोसावी लागते, भाकरीच्या आधी.

मंग तिनं विचारलं, "पोरगी कशी आहे? आमच्या पोरानं अजून लग्न केलं नाही. कोणतीही दाखवा, नाही म्हणते. मी येणार होती तुमच्याकडं... मनच होत नव्हतं."

मी म्हटलं, "दिली. उन्हाळ्यात. बिजवराले."

ती तठीच मातीत बसली. पत्रावळ हातातच होती. मीही बसली. तेवढ्यात मंडळाची ताई आली, "अरे वा! अमरावती-अकोला ओळख झाली वाटते! चला, एक फोटो होऊन जाऊ द्या." आन फोटो काढला. बिचारीले काय माहीत?

महिनाभर मी ते पोटात ठेवलं. संक्रांतीले पोरीकडं गेली तवा राहावलं नाही. मले वाटलं, तिच्या मनातला काटा तरी निघन. कोणाच्या दातायचा, रंगाचा काही संबंध नव्हता, हे तिले समजाले पाहिजे. ती चुलीजवळ भाकरी करून राहिली होती. मी सगळं सांगितलं, साडीचं, त्या बाईचं, त्या पोराचंही. सांगताना मीच रडली.

ती रडली नाही. तव्यावरची भाकर उलटली. मंग म्हणे, "म्हणजे माह्यात काहीच खोट नव्हती?"

"नाही व बाई. कधीच नव्हती."

"आन त्यानं अजून केलं नाही?"

मी मान हलवली. बाहेरून सवतीच्या लहान्यानं हाक मारली, "आई, भूक लागली!" ती म्हणे, "आणली रे राजा." भाकर ताटलीत ठेवली, वर तेल-तिखट घातलं, उठली. दाराजवळ थांबली. माह्याकडं पाहिलं नाही.

म्हणे, "कायले सांगितलं व आई? मी आता कुठी रमून राहिली होती इथी."